पुढे जाणारी पेटी

३ मे

दादा,

नमस्कार. आधी एक सूचना: सोबतच्या खोक्यातली पेटी उघडायला स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला असशील तर तो खाली ठेव. तुला पुरती ओळखून आहे मी.

ही तीच पेटी, जिच्यापायी मी नऊ वर्षं इथे ठाण मांडून बसलेय. विचारलंस की दर वेळी 'साखरेचं काम' एवढंच सांगून तुझी बोळवण केली. आता नीट सांगते, कारण तुला समजेल. आत स्फटिकाची नखाएवढी चकती आहे. तिच्या दोन्ही टोकांना धातूचे दोन कंगवे आहेत, त्यांचे दात केसाहून बारीक. एका कंगव्याला वीज दिली की स्फटिकाच्या पाठीवर लाट उठते. आवाजाचीच जात, पण कानाला ऐकू न येणारी, आत न शिरता वरच्या वर पळणारी. ती पलीकडच्या कंगव्याला पोचते. मधल्या वाटेवर आम्ही एक लेप दिलाय, त्याला रक्तातली साखर चिकटते. चिकटली की वाट जड होते आणि लाटेला उशीर होतो. उशीर किती झाला त्यावरून साखर किती हे कळतं. सगळा खेळ वेळेचा आहे, म्हणजे तुझ्याच घड्याळाच्या दुकानातला.

तू करायचं एवढंच. सकाळ-संध्याकाळ बोटाला टोचशील तेव्हा अर्धा थेंब तुझ्या नेहमीच्या साखर मोजायच्या पट्टीवर, अर्धा स्फटिकावर. मग सोबतच्या बाटलीतल्या पाण्यानं स्फटिक धुवायचा. पट्टी एकदा वापरून फेकावी लागते, स्फटिक नाही. जमलं तर एक चकती एका माणसाला वर्षभर पुरेल. दोन्ही आकडे दोन रकान्यांत लिहायचे आणि दर पंधरा दिवसांनी सही करून पोस्टानं पाठवायचे. फोनवर सांगितलेले आकडे बाई धरत नाहीत. बाई म्हणजे आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख. त्या निमित्तानं तरी तू मला पत्र लिहिशील.

आता हे ठळक लिहितेय: इन्सुलिन किती टोचायचं ते पट्टीच्या आकड्यावरूनच ठरव. पेटीच्या नाही. पट्टी प्रमाण आहे, पेटी अजून उमेदवार आहे. पट्ट्यांच्या सहा बाटल्या पाठवल्यात, पाच महिने पुरतील.

पाच घरांत पाच पेट्या दिल्यात. जूनअखेर अहवाल जाईल. पेट्या पट्टीशी जुळल्या तर काम पुढे, नाहीतर कपाटात. बाबांच्या वेळी घरात साखर मोजायला काही असतं तर मी आठव्या वर्षी पोरकी झाले नसते आणि तू एकोणिसाव्या वर्षी कॉलेज सोडून दुकानात बसला नसतास. हे तोंडावर कधी बोलले नाही. कागदावर बोलता येतं.

बारकी

१५ मे

बारके,

आशीर्वाद. ते दर पत्रात नव्यानं लिहिणार नाही, या एकावरच वर्षभर भागव.

पेटी पोचली. उघडली नाही. स्क्रू फक्त मोजले, चौदा आहेत.

स्फटिकाचं वाचून हसू आलं. आम्ही चाकांना तेल घालत बसलो होतो, तेवढ्यात ही स्फटिकाची घड्याळं आली, कानामागून आली आणि तिखट झाली. निम्मं दुकान त्यांनी खाल्लं. आता तोच स्फटिक माझ्या रक्ताची चव घेतोय आणि माझी बहीण त्याच्यावर पोट भरतेय. कोणाकोणावर रागवायचं?

आकडे सोबत आहेत. पहिला आठवडा झकास. पट्टी १४२ तर पेटी १४९, पट्टी १३६ तर पेटी १३१. तुझी वहिनी रोज शेजारी उभी राहून निकाल ऐकते, शाळेतल्यासारखी.

एक सुधारणा मी आपणहून केलीय. त्या पट्ट्यांच्या बाटलीचं झाकण म्हणजे शिक्षा आहे. अंगठा दुखतो, आणि एक पट्टी काढायला गेलं की चार सांडतात. म्हणून सहाही बाटल्या एकदम रिकाम्या केल्या आणि माझ्या सुट्या भागांच्या दोन डब्यांत लावून टाकल्या. काचेच्या झाकणाचे, कप्प्याकप्प्यांचे, तुला आठवत असतील. प्रत्येक कप्प्यावर तारीख, आत दोन पट्ट्या, सकाळची आणि संध्याकाळची. पाच महिन्यांचं काम एका दुपारी उरकलं. तुझी वहिनी म्हणते, संसार कधी इतका नीट लावला नाहीत.

दादा

२२ मे

दादा,

पट्ट्यांच्या डब्यांचं वाचून इतकी हसले की बाईंनी काय झालं म्हणून विचारलं. त्यांनाही वाचून दाखवलं, त्याही हसल्या. म्हणाल्या, असा नेटका माणूस आपल्याकडे एकही नाही.

पण इथे वातावरण बरं नाही. पाचातल्या दोन पेट्या बिघडल्यात. रोज थोडं थोडं जास्त दाखवतात. पहिल्या दिवशी पाच, मग पंधरा, मग तीस. लेप सुटायला लागला की असं होतं. म्हणून तुझे आकडे आले की मी पाकीट जिन्यातच फोडते.

बारकी

१ जून

बारके,

या खेपेला कागद पाठवायला उशीर झाला, दुकानात कामं होती. पुढच्या वेळी दोन्ही एकदम पाठवतो.

एक विचारायचं होतं. त्या बिघडलेल्या दोन पेट्यांचं काय केलंत? समजा एखादी पेटी पुढे जायला लागली, पण आज आठ, उद्या दहा, अशी शिस्तीत पुढे जातेय, तर ती वाईट म्हणायची का? आमच्याकडे शिस्तीत पुढे जाणारं घड्याळ चांगलं समजतात. एक काटा सरकवला की सुधारतं. जे आज पुढे आणि उद्या मागे, ते वाईट. सहज विचारलं. आणि पेटी नि पट्टी भांडली तर खरं कोणाचं?

दादा

६ जून

दादा,

पट्टीचं. त्यात प्रश्नच नाही. पट्ट्या वर्षानुवर्षं बाजारात आहेत, पेटी कालची पोर. आणि काटा सरकवायची सोय आमच्यात नाही रे. जुळत नाही म्हणजे नापास.

काल तिसरीही गेली. आता तुझी आणि एका शिक्षिकेकडची, अशा दोनच उरल्या. बाई म्हणाल्या, दोन्ही टिकल्या तर मी तुमच्यासाठी भांडेन, एक टिकली तर माझ्याच्यानं होणार नाही. नऊ वर्षं अशी दुसऱ्याच्या बोटाच्या थेंबावर लटकलीत. तुला घाबरवत नाही, पण सगळी भिस्त तुझ्यावर आहे. कागद लवकर पाठव.

बारकी

१६ जून

बारके,

कागद सोबत आहेत, मागचा आणि हा. बघ आणि शांत झोप. पट्टी १३९, पेटी १४१. पट्टी १३३, पेटी १३२. तीनच्या वर फरक नाही. आता त्या बाईंना म्हणावं, भांडा.

माझं उत्तम. पट्टी इतकी चांगली दाखवतेय की इन्सुलिन निम्म्यावर आलंय. दर तीन महिन्यांनी रक्त तपासायला दवाखान्यात जातो, ते या खेपेला टाळलं. घरात दोन-दोन यंत्रं एकच सांगतायत तर तिसऱ्याला कशाला विचारायचं? चहात अर्धा चमचा साखर घेतो, तुझ्या वहिनीच्या देखत. तहान फार लागते, पण उकाडाच आहे. पायांना मुंग्या येतात, बसून काम केल्यानं असेल. डोळ्याला लावायचं भिंग जुनं झालंय, स्प्रिंग पूर्वीसारखी स्वच्छ दिसत नाही. नवीन मागवलंय.

दादा

२ जुलै

दादा,

झालं! अहवाल गेला आणि मंजूर झाला. पुढचे सहा महिने, नवी खोली, दोन जास्तीचे हात. तुझा कागद बाईंनी सगळ्यांसमोर धरला. म्हणाल्या, हिच्या भावाला इथे नोकरीला आणा. मी लहानपणी शाळेत पहिली आल्यावर तू दुकानाच्या दारात उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होतास, तसं काल मला कोणालातरी धरून सांगावंसं वाटलं.

इतकं कसं रे जुळतं तुझ्याकडे? तुझ्या हातालाच काहीतरी आहे. सप्टेंबरअखेरपर्यंत असंच चालू ठेव. भिंग बदललंस ते बरं केलंस, चष्म्याचा नंबरही बघून घे.

बारकी

९ ऑगस्ट

बारके,

कागद सोबत. अक्षर वाकडं आहे, चालवून घे. नव्या भिंगातूनही तसंच दिसतं, त्यामुळे भिंगाचा दोष नव्हता. दोन घड्याळं परत केली, म्हटलं आता बारीक काम घेत नाही. गिऱ्हाईक जुनं होतं. रुमालात गुंडाळून घेऊन गेलं, त्याचंच वाईट वाटलं.

तुझी वहिनी येऊन जा म्हणते. तुझी कामं असतील, मला कळतं.

दादा

२१ सप्टेंबर

बारके,

मी वहिनी. ह्यांनी तुला कळवू नको म्हणून बजावलंय, म्हणून दुकानात बसून लिहितेय. दुकान बंदच आहे. रागानं लिहितेय, तशीच वाच.

गेल्या सोमवारी सकाळी हे म्हणाले, उजव्या डोळ्यापुढे शाई सांडलीय. रुमालानं चष्मा पुसत बसले होते. चष्मा स्वच्छ होता. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, आत रक्त उतरलंय. लगेच साखर तपासली तर तीनशे अडतीस. तासाभरापूर्वी घरी पट्टीनं एकशे चौतीस दाखवली होती.

डॉक्टरांनी विचारलं, पट्ट्या ठेवता कशा? मी घरी जाऊन डबा आणला आणि कौतुकानं पुढे ठेवला. त्यांनी कपाळाला हात लावला. बाटलीच्या झाकणात हवा कोरडी ठेवायची सोय असते म्हणे. पट्टी बाहेर उघडी राहिली की काही दिवसांत नासायला लागते, मग वाटेल ते दाखवते. ह्यांच्या पट्ट्या कमी दाखवत गेल्या, त्यावरून हे इन्सुलिन कमी करत गेले आणि साखर वाढत गेली. पंधरा वर्षांचं दुखणं आहे, सगळं या चार महिन्यांनी केलं असं नाही, पण कडेलोट या महिन्यांनीच केला, असं म्हणाले. उजवा डोळा गेल्यात जमा आहे. डाव्यातही सुरुवात झालीय, त्याचं ऑपरेशन करणार आहेत.

डब्यांचं तुम्हा शिकलेल्या लोकांना ह्यांनी लिहून कळवलं होतं. मीच बाजूला होते, मला वाचून दाखवलं होतं. एकीच्याही लक्षात येऊ नये?

तुझी पेटी परत पाठवतेय. नऊ वर्षं घातलीस तिच्यात. घरात माणूस आंधळं होत होतं, तिला एकदा ओरडता आलं नाही?

वहिनी

३० सप्टेंबर

दादा,

वहिनीनं कळवलं. तिच्यावर रागावू नकोस. हे पत्र ती तुला वाचून दाखवेल. तिनं मध्येच थांबू नये एवढंच माझं मागणं आहे.

पेटी ओरडत होती. प्रत्येक मोजणी ती आपल्या पोटात साठवून ठेवते. शेवटी सगळं एकदम काढायचं असतं, म्हणून तुला सांगितलं नव्हतं. काल काढलं. अठरा मे, पट्टी १४०, पेटी १५८. एकतीस मे, पट्टी १३७, पेटी १९६. बारा जूनला पेटीनं २३१ दाखवले आणि तू कागदावर १४१ लिहिलेस. पंधरा मेनंतर तुझ्या कागदावर एकही आकडा पेटीचा नाही, सगळे तुझे. वहिनीनं सांगितलेल्या सोमवारी सकाळी पेटीवर ३३१ आहेत, दवाखान्यात तासाभरानं ३३८. बाकीच्या तीन पेट्यांचा लेप सुटला होता. तुझ्या पेटीचा भिंगाखाली बघितला, टवकासुद्धा उडालेला नाही. पट्ट्या नासत होत्या, पेटी जागच्या जागी होती.

का केलंस ते मला माहीत आहे. मीच लिहिलं होतं, सगळी भिस्त तुझ्यावर आहे.

आता माझं ऐक. एकाच थेंबाला दोन चांगल्या पट्ट्या लावल्या तरी त्यांच्यात दहा-पंधराचा फरक निघतो. तुझ्या कागदावर महिना-महिना तीनच्या वर फरक नाही. असं जगात कुठे होत नाही. नव्यानं कामाला लागलेल्या कोणी असा कागद आणला असता तर मी त्याला उभा करून विचारलं असतं. सोळा जूनचा तुझा कागद मी जिन्यात उघडला तेव्हाच मला दिसलं होतं. दोन मिनिटं तिथेच उभी राहिले. मग घडी घालून बाईंकडे नेला. तुझ्या हातालाच काहीतरी आहे असं तुला गंमतीनं लिहिलं आणि मूग गिळून गप्प बसले. तेव्हा एक फोन करून 'दादा, खरं सांग' म्हटलं असतं, तर तू माझ्याशी खोटं बोलला नसतास. तुला ते जमतच नाही. जून होता. डोळा शाबूत होता.

आणि डबे. मी हसले होते. पट्ट्यांचं मला सगळं माहीत आहे, दादा. तो माझा धंदा आहे. तरी मी हसले.

बारकी

८ ऑक्टोबर

बारके,

हे सांगतायत आणि मी लिहितेय. जसं सांगतील तसं लिहायचं, मध्ये माझं घालायचं नाही, अशी ताकीद आहे. – वहिनी

रडून लिहिलेलं पत्र ऐकायला वाईट वाटतं, पुढचं तसं पाठवू नकोस. आता माझी बाजू ऐक.

दुकानातलं भिंतीवरचं मोठं घड्याळ तू पाहिलंयस. तेहतीस वर्षं प्रत्येक दुरुस्त घड्याळ मी त्याच्याशी लावून गिऱ्हाइकाच्या हातात दिलं. पुढे गेलेलं असेल तर गिऱ्हाईक यायच्या आत काटा गुपचूप मागे घ्यायचा. त्याची वाच्यता करायची नाही, गिऱ्हाइकाचा भरवसा उडतो. पेटी पुढे जायला लागली तेव्हा मी तेच केलं. तू पट्टीला प्रमाण म्हणालीस, म्हणून पट्टी माझं भिंतीवरचं घड्याळ झाली. भिंतीवरचंच चुकलं असेल असं तेहतीस वर्षांत कधी मनात आलं नाही, तर चार महिन्यांत कुठून येणार? चोर सोडून संन्याशाला फाशी दिली मी. त्यात तुझा दोष नाही.

(पहिल्यांदा आकडा बदलला त्या दिवशी ह्यांनी मलाही बदललेलाच ऐकवला आणि जेवले नाहीत. मला म्हणाले, पोट बरं नाही. हे माझं घालतेय, बजावलं असलं तरी. – वहिनी)

आता मुद्द्याचं. अहवाल गेलाय, तो तसाच राहू दे. पेटी खरी होती ना? मग खोटं काय झालं? माझे आकडे खोटे, पण तुझी पेटी खरी. बाईंना काही सांगू नकोस. माझा डोळा गेला तो गेला, तो काही परत येत नाही. त्याच्यामागून तुझी नऊ वर्षं कशाला धाडतेस? आजवर तुझ्याकडे काही मागितलं नाही. एवढं मागतो.

दादा

२३ ऑक्टोबर

दादा,

तुझ्या ऑपरेशनच्या दिवशी मी बाहेर बाकावर वहिनीजवळ होते. तुला शुद्ध आल्यावर समोर यायचं धाडस झालं नाही आणि संध्याकाळच्या गाडीनं परतले. वहिनीनं तुला सांगितलं नसेल, मीच नको म्हटलं होतं. आता सांगते, कारण यापुढे काही लपवणार नाही असं ठरवलंय.

तू मागितलंस ते मी दिलं नाही. परवा बाईंना सगळं सांगितलं. दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले, तुझा आणि पेटीच्या पोटातला. जिन्यात थांबले होते तेही सांगितलं. बाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, त्या डब्यांचं ऐकून मीही हसले होते.

अहवाल मागे घेतला. तुझ्या घरचे आकडे धरता येत नाहीत, ना खरे, ना खोटे. बदललेल्या कागदाशेजारचा खरा कागदही कोणी मानत नाही, आणि ते बरोबरच आहे. पेटीचं काम थांबणार नाही, पण ते आता दुसरे करतील. मला त्यातून काढलंय, जागा सोडायला तीन आठवड्यांची मुदत आहे. मी कपाटाची किल्ली दिली आणि खाली आले. जिन्यावरून उतरताना नऊ वर्षांचं काही वाटलं नाही. एकच गोष्ट डोक्यात फिरत राहिली, ती तुला सांगितल्याशिवाय सुटणार नाही.

एकतीस मेला तू पेटीवर १९६ पाहिलेस आणि तुला शंका आली. तुझ्या मनानं बरोबर ओळखलं होतं की शिस्तीत पुढे जाणारी गोष्ट वाईट नसते. तू मला पत्र लिहून विचारलंस, खरं कोणाचं? आणि मी उलट टपाली कळवलं, पट्टीचं, त्यात प्रश्नच नाही. तुझ्या घरातला एकमेव खरा आकडा खोटा मानायला तुला मीच सांगितलं.

बारकी

४ नोव्हेंबर

बारके,

हे मी स्वतः लिहितोय. डाव्या डोळ्याची पट्टी काढली. उजेड आणि माणसाचा आकार एवढं दिसतं. पुढे किती दिसेल ते डॉक्टर सांगत नाहीत, मी विचारतही नाही. कागदावर आखायची पट्टी ठेवून तिच्या कडेनं लिहितोय, शाळेतल्यासारखं.

बाईंना सांगितलंस त्याचा आठ दिवस राग होता. तुझ्या वहिनीशी बोललो नाही, कारण तिनं तुझी बाजू घेतली. नवव्या दिवशी वाटलं, मी तुझ्यासाठी खोटं लिहिलं आणि तू माझ्यासाठी खरं सांगितलंस, त्यात पारडं तुझंच जड आहे. मोठ्या भावानं हे म्हणायला इतका उशीर करायला नको होता.

तू बाकावर बसून परत गेलीस ते कळलं. ते मला डोळ्यापेक्षा जास्त लागलं. समोर आली असतीस तर मी काय बोललो असतो तेच पुढे लिहितो.

बारके, मी वहिनी. पट्टी सरकली हे ह्यांच्या लक्षात आलं नाही. पुढच्या तीन ओळी एकावर एक आल्यात, सगळी शाईची जाळी झालीय. हे खुशीत होते, म्हणून तेव्हा बोलले नाही. नंतर विचारलं काय लिहिलंत, तर म्हणतात ते तिच्यासाठी आहे. सारखं विचारतात, तिला कधी मिळेल, ती कधी वाचेल. तुला लागतात का त्या ओळी बघ. नाही लागल्या तर काय सांगू ते कळव. – वहिनी

९ नोव्हेंबर

वहिनी,

हे पत्र दादाला वाचून दाखवू नकोस, आधी तू वाच.

त्या ओळी मला लागल्या नाहीत. खिडकीच्या काचेवर कागद धरला. प्रयोगशाळेत अजून दोन दिवस माझी खुर्ची आहे, तिथल्या मोठ्या भिंगाखाली ठेवला. पहिला शब्द 'वेडे' असावा. त्यानंतर 'बाबा' आहे की 'बाकी' आहे ते ठरवता येत नाही. शेवटी माझं नाव आहे, ते मात्र स्वच्छ आहे. मधलं सगळं एकमेकांत गेलंय.

दोन तास बसून मी तुला लिहिलं होतं, 'सांग त्याला, बारकीनं वाचलं, तिला फार बरं वाटलं.' त्याला किती आनंद झाला असता ते मला दिसत होतं. मग तो कागद फाडला. माझ्यासाठी त्यानं असाच एक बरा आकडा लिहिला होता, तेव्हाही एका माणसाला आनंदच झाला होता.

त्याला खरं सांग. ओळी एकावर एक आल्या आणि तिला वाचता आल्या नाहीत, असं सांग. त्याचं तोंड उतरेल. उतरू दे, तू जवळ बस. मी शनिवारी सकाळी येतेय. दारात उभी राहिले की त्याला आधी माझा आकारच दिसेल, तेव्हा कोण आलंय ते तू सांगू नकोस. मीच सांगेन आणि विचारेन, दादा, काय लिहिलं होतंस?

बारकी